मुलांच्या मनाचा हक्क आणि डॉक्टरच्या टेबलावरचा फोन

आपल्या चळवळीत मुलांच्या मानसिक आरोग्याचा विषय काढला की दोन प्रतिक्रिया हमखास येतात. पहिली म्हणजे, "हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत." दुसरी जरा अभ्यासू असते. "दुःख जातीव्यवस्थेने दिलंय, मग त्यावर डॉक्टर कशाला? व्यवस्था बदला." पहिलीवर वेळ घालवण्याची गरज नाही. दुसरी मात्र गंभीर आहे. २०१६ मध्ये रोहित वेमुला गेला तेव्हा आपण त्याला संस्थात्मक हत्या म्हटलं आणि सगळं खापर त्याच्या मनःस्थितीवर फोडू पाहणाऱ्यांना अडवलं. ते बरोबरच होतं. पण त्या बरोबर भूमिकेतून आपण एक चुकीचा निष्कर्षही काढला. मनाचा डॉक्टर हा आपला विषयच नाही, असं आपण धरून चाललो. वस्तीतल्या पाचवी-सहावीतल्या मुलाला रात्री झोप लागत नाही, ते शाळेच्या नावाने उलट्या करतं, तेव्हा त्याच्या आईला सांगण्यासारखं आपल्याकडे काहीच नसतं.

या लेखात मी एका अमेरिकन राज्याचा इतिहास सांगणार आहे. मॅसॅच्युसेट्सने २००४ मध्ये संपूर्ण राज्यासाठी एक साधी योजना सुरू केली. कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला मुलाच्या मनाच्या प्रश्नावर अडलं, तर त्याने फोन उचलायचा आणि पलीकडे बालमानसोपचारतज्ज्ञाने उत्तर द्यायचं. आज अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत अशी व्यवस्था आहे. 'तिकडे श्रीमंत देश, आपण काय करणार' असं म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. कारण ती योजना टिकली आणि वाढली यामागे पैशाइतकाच कायदा आहे, कोर्ट आहे आणि वंचितांचा जुना लढा आहे. तो लढा २००४ च्या बराच आधी सुरू होतो, आणि सुरू होतो हार्लेममध्ये.

१९४६ साल. याच वर्षी बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या काळ्यांचं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांसमोर मांडण्याचा प्रयत्न चालला होता, त्या निवेदनाची प्रत त्यांनी मागितली होती. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात मॅमी क्लार्क आणि केनेथ क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने मुलांसाठी एक केंद्र उघडलं. पुढे ते नॉर्थसाइड सेंटर फॉर चाइल्ड डेव्हलपमेंट म्हणून ओळखलं गेलं. दोघांची डॉक्टरेट कोलंबिया विद्यापीठाची, म्हणजे बाबासाहेबांच्याच विद्यापीठाची. सुरुवातीचा पैसा मॅमीच्या वडिलांकडून आला. ते आर्कान्सासमध्ये डॉक्टर होते.

केंद्रात पहिल्यांदा कोण आलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आई-बाप आले. तक्रार अशी की शाळेने आमच्या मुलाला 'मंदबुद्धी' ठरवून वेगळ्या वर्गात टाकलंय. क्लार्क दांपत्याने त्या मुलांच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा अनेक मुलं त्या वर्गाच्या निकषात बसतच नव्हती. म्हणजे काळ्या मुलांच्या मानसिक आरोग्याच्या या केंद्राचं पहिलं काम होतं चुकीचा शिक्का पुसण्याचं. आपल्याकडच्या किती 'ढ' मुलांची अशी चाचणी झाली आहे?

याच दोघांचा बाहुल्यांचा प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. काळ्या मुलांसमोर एक गोरी आणि एक काळी बाहुली ठेवायची, चांगली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती हे विचारायचं. बरीच मुलं गोरी बाहुली चांगली म्हणायची, आणि 'तुझ्यासारखी कोणती' या प्रश्नापाशी अडखळायची. हा पुरावा शाळांतल्या वंशभेदाविरुद्धच्या खटल्यांत मांडला गेला आणि १९५४ च्या ब्राउन निकालात सर्वोच्च न्यायालयाने तळटिपेत केनेथ क्लार्क यांच्या कामाचा दाखला घेतला. मुलाच्या मनावरची जखम घटनात्मक पुरावा म्हणून उभी राहिली. बाबासाहेबांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत नऊ वर्षांच्या भीमाचा मसूर स्टेशनवरून गोरेगावला जाण्याचा, पाण्यासाठी तडफडण्याचा प्रवास लिहून ठेवला, तेव्हा तेही दुसरं काय करत होते? लहानपणीच्या घटनेचा ठसा आयुष्यभर राहतो, हे त्यांनी स्वतःवरून सांगितलं. तो पुरावा होता, आणि आपण तो बहुतेक वेळा फक्त भावनेने वाचला.

आता कायद्याकडे येऊ. १९६५ मध्ये गरिबांसाठी मेडिकेड ही सरकारी आरोग्य विमा योजना आली. १९६७ मध्ये तिच्यात मुलांसाठी एक तरतूद जोडली गेली. मेडिकेडमधल्या प्रत्येक मुलाची लवकर आणि ठरावीक काळाने तपासणी, निदान आणि उपचार. त्याआधी लष्करभरतीत नाकारल्या गेलेल्या तरुणांचा एक सरकारी अहवाल आला होता. जवळपास एक तृतीयांश तरुण अपात्र ठरत होते, आणि त्यातल्या अनेकांचे दोष लहानपणी सापडले असते तर सुधारले असते. म्हणजे सरकारला जाग आली ती करुणेने नाही, सैनिक कमी पडतात म्हणून. असो. १९८९ मध्ये ती तरतूद कडक झाली. तपासणीत जे सापडेल त्यावर आवश्यक तो उपचार देणं राज्यांना बंधनकारक झालं, आणि त्यात मनाचे आजारही आले.

कागदावर हक्क आला म्हणजे मुलाच्या पदरात पडला असं होत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. १९८२ मध्ये जेन निट्झर यांनी चिल्ड्रेन्स डिफेन्स फंडासाठी देशभरातल्या परिस्थितीचा अहवाल लिहिला. (ही संस्था नागरी हक्क चळवळीतल्या काळ्या वकील मेरियन राइट एडेलमन यांनी १९७३ मध्ये स्थापन केलेली.) अहवालाच्या शीर्षकाचा अर्थ साधारण असा, की ज्या मुलांवर कुणीच आपला हक्क सांगत नाही अशी मुलं. गंभीर मानसिक त्रास असलेल्या मुलांपैकी दोन तृतीयांश मुलांना योग्य सेवा मिळतच नव्हती. शाळा म्हणे हे आरोग्य खात्याचं काम, आरोग्य खातं म्हणे हे बालकल्याणचं, बालकल्याण म्हणे हे कोर्टाचं. आश्रमशाळेतल्या मुलासाठी ज्याने कधी फाइल फिरवली आहे, त्याला हे वाक्य ओळखीचं वाटेल.

दुसरी अडचण माणसांची. बालमानसोपचारतज्ज्ञ अमेरिकेतही फार कमी आहेत, आणि जे आहेत ते शहरात आणि पैसेवाल्यांजवळ. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार तिथल्या ७० टक्के काउंट्यांमध्ये, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांमध्ये, एकही बालमानसोपचारतज्ज्ञ नव्हता. मग त्रासात असलेलं मूल जातं कुठे? लसीसाठी, तापासाठी, वार्षिक तपासणीसाठी ज्याच्याकडे नेतात त्या बालरोगतज्ज्ञाकडे. आणि त्या डॉक्टरला मनाच्या आजारांचं शिक्षण जेमतेम मिळालेलं असतं. त्यात ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी नैराश्यावरच्या गोळ्यांच्या वेष्टनावर मुलांबाबत सर्वांत कडक इशारा छापायला लावला. या गोळ्यांनी काही मुलांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा तो इशारा होता. साध्या बालरोगतज्ज्ञाची भीती आणखी वाढली. मुलाला पाठवायचं तर महिनोन्महिने नंबर लागत नाही, आणि स्वतः उपचार करायचे तर हात थरथरतात.

मॅसॅच्युसेट्सची योजना या कोंडीवर उभी राहिली. आधी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने राज्याच्या मध्य भागात छोटा प्रयोग करून पाहिला होता. मग राज्याच्या मानसिक आरोग्य विभागाच्या पैशातून २००४ मध्ये तो राज्यभर नेला गेला. जॉन स्ट्रॉस आणि बॅरी सार्व्हेट हे त्यातले प्रमुख डॉक्टर. राज्याचे सहा विभाग पाडले. प्रत्येक विभागात एक पथक नेमलं, त्यात बालमानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशन करणारा थेरपिस्ट आणि सेवा शोधून देणारा समन्वयक. बालरोगतज्ज्ञाने फोन केला की ३० मिनिटांच्या आत परत संपर्क करायचा, असा नियम. मूल तिथेच दवाखान्यात बसलेलं असताना डॉक्टरला उत्तर मिळावं, हा हेतू.

बहुतेक वेळा फोनवरच काम भागतं. हे नैराश्य वाटतं की घरातल्या एखाद्या घटनेचा धक्का, अमुक औषध किती द्यावं, आईला काय विचारावं, पुन्हा कधी बोलवावं, असे प्रश्न असतात. फोनवर उलगडा झाला नाही तर पथक त्या मुलाला एकदा प्रत्यक्ष तपासतं आणि सल्ला लिहून पुन्हा त्याच्याच डॉक्टरकडे पाठवतं. समुपदेशनाची गरज असेल तर समन्वयक त्या कुटुंबाला जवळचा, त्यांच्या विम्यात बसणारा थेरपिस्ट शोधून देतो. मला यातलं सर्वांत मोलाचं काम हे शेवटचं वाटतं. आपल्याकडे चिठ्ठीवर 'पुढील उपचारासाठी जिल्हा रुग्णालय' लिहिलं की डॉक्टरची जबाबदारी संपते. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, तिथे गेल्यावर कुठल्या खोलीसमोर बसायचं, हे सगळं आईवर. तिथे मात्र एका माणसाला पगार देऊन हेच काम दिलं होतं.

आणि ही सेवा सर्व मुलांना होती. विमा सरकारी असो, खासगी असो, नसो.

२०१० मध्ये सार्व्हेट आणि सहकाऱ्यांनी पहिल्या साडेतीन वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. राज्यातल्या सुमारे ९५ टक्के मुलांचे डॉक्टर योजनेत आले होते आणि ३५ हजारांहून अधिक वेळा सल्ला-मदत दिली गेली होती. 'मानसिक त्रास असलेल्या मुलांची गरज मी सहसा भागवू शकतो' असं म्हणणारे डॉक्टर आधी ८ टक्के होते, ते ६३ टक्के झाले. खर्च? राज्यातल्या दर मुलामागे वर्षाला साधारण दोन डॉलर. हा आकडा मी मुद्दाम देतोय, कारण 'पैसा नाही' हे उत्तर आपल्याला पहिल्या बैठकीतच मिळणार आहे.

पण नुसत्या फोनने ही गोष्ट पूर्ण झाली नसती. २००१ मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या फेडरल कोर्टात मेडिकेडमधल्या काही मुलांच्या वतीने राज्य सरकारवर दावा दाखल झाला होता. खटला 'रोझी डी.' या नावाने ओळखला जातो. नाव बदललेलं आहे, मूल खरं आहे. म्हणणं एवढंच होतं की कायद्याने आम्हाला उपचार घरी आणि वस्तीत मिळायला हवेत, ते मिळत नाहीत, म्हणून मुलं घरापासून दूर संस्थांमध्ये आणि रुग्णालयांत अडकून पडतात. जानेवारी २००६ मध्ये न्यायाधीश मायकेल पॉन्सर यांनी राज्याने कायदा मोडल्याचा निकाल दिला. त्यानंतर आलेल्या आदेशामुळे २००७ च्या अखेरपासून मेडिकेडमधल्या मुलांच्या नियमित तपासणीत मनाच्या प्रश्नांची प्रमाणित प्रश्नावली देऊ करणं डॉक्टरांवर बंधनकारक झालं. २००८ च्या पहिल्या तिमाहीत अशी चाळणी सुमारे १७ टक्के तपासण्यांत नोंदली गेली होती, वर्षभरात ती ५४ टक्क्यांच्या घरात गेली. नुसतं आवाहन करून हे झालं असतं का? मला नाही वाटत. आदेश होता म्हणून चाळणी झाली, आणि चाळणीत सापडलेल्या मुलाचं काय करायचं हे विचारायला फोन होता म्हणून डॉक्टर चाळणीला घाबरले नाहीत. दोन्हीपैकी एक नसतं तर दुसरं लंगडं पडलं असतं.

पैशाचा मुद्दाही असाच सुटला. फोन सरकारी तिजोरीतून चालत होता, पण निम्म्याहून अधिक फायदा खासगी विमा असलेल्या मुलांना होत होता, आणि कंपन्या फुकटात बसल्या होत्या. २०१४ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पातून विमा कंपन्यांनी आपला वाटा सरकारला भरायचा असा नियम आला. त्याच वर्षी गरोदर आणि बाळंत झालेल्या स्त्रियांच्या मानसिक त्रासासाठी असाच दुसरा फोन सुरू झाला.

पुढचा प्रवास थोडक्यात. वॉशिंग्टन राज्याने २००८ मध्ये, न्यूयॉर्कने २०१० मध्ये अशीच योजना घेतली. २०१६ च्या एका केंद्रीय कायद्यात अशा योजनांना अनुदानाची तरतूद झाली आणि २०१८ मध्ये १८ राज्यांना पहिला पैसा मिळाला. २०१९ मध्ये रँड या संशोधन संस्थेने तुलना केली. ज्या राज्यांत राज्यव्यापी योजना होती तिथे १२.३ टक्के मुलांना मानसिक आरोग्याची सेवा मिळाली होती, जिथे नव्हती तिथे ९.५ टक्के. फरक छोटा दिसतो. पण लाखो मुलांच्या राज्यात तीन टक्के म्हणजे किती मुलं, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

इथे कौतुक थांबवतो. फोन डॉक्टरच्या टेबलावर आहे. मूल त्या टेबलापर्यंत पोहोचलं, आणि डॉक्टरला त्याच्यात दुःख दिसलं, तरच तो वाजतो. काळ्या मुलाच्या रागात तिथल्या शाळेला आणि पोलिसाला गुन्हा दिसतो, गोऱ्या मुलाच्या त्याच रागात आजार दिसतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५ ते १२ वयाच्या काळ्या मुलांतलं आत्महत्येचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या जवळपास दुप्पट आढळलं. काळ्यांची मुलं आत्महत्या करत नाहीत अशी समजूत ज्या देशात होती, तिथे. आणि डॉक्टर तरी कोण होते? अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने काळ्या डॉक्टरांना आधी सभासदत्व नाकारलं आणि १९४५ मध्ये पहिले दोघे, अलोंझो डीग्राट स्मिथ आणि रोलंड स्कॉट, आत घेतले. त्याबद्दलची जाहीर माफी आली २०२० मध्ये, ७५ वर्षांनी. वंशवादाचा मुलांच्या आरोग्यावर परिणाम होतो, हे धोरण म्हणून लिहायला त्याच अकादमीला २०१९ उजाडावं लागलं. क्लार्क दांपत्याने ते १९४६ मध्ये तळघरात बसून सांगितलं होतं.

आता चळवळीतल्या त्या दुसऱ्या प्रतिक्रियेकडे येतो. हा वाद क्लार्क यांच्या केंद्रातही झाला होता. मुलाला खुर्चीत बसवून त्याच्या मनाचा शोध घ्यायचा, की घरमालक, शाळा आणि पालिका यांच्याशी भांडायचं? केनेथ क्लार्क हळूहळू दुसरीकडे झुकले. १९६० च्या दशकात त्यांनी हार्लेमच्या तरुणांसाठी हरयू ही मोठी योजना आखली आणि 'डार्क घेट्टो' हे पुस्तक लिहिलं. वस्तीची हतबलता ही सत्तेच्या अभावातून येते, असा त्यातला मांडणीचा गाभा. पण नॉर्थसाइड बंद केलं नाही. मॅमी क्लार्क यांनी १९७९ पर्यंत ते चालवलं. व्यवस्थेशी लढणाऱ्याच घरात रात्री न झोपणाऱ्या मुलासाठीही खोली होती. आपल्याकडे बाबासाहेबांनी महाडचा सत्याग्रह केला आणि मुलांसाठी वसतिगृहंही काढली. तेव्हा कुणी 'आधी व्यवस्था बदला, मग वसतिगृह' असं म्हटलं नाही.

मग आपल्या राज्याचं काय? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशपातळीवरचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाला. फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, ० ते १८ वयाच्या मुलांची तपासणी करतं. त्याच्या ३० आजारांच्या यादीत स्वमग्नता, अतिचंचलता, शिकण्यातली अडचण आहे. पण भीती, नैराश्य, जातीवरून होणाऱ्या छळाचा परिणाम, हे त्या यादीत नाही. पथकातले डॉक्टर बहुधा आयुष शाखेचे. मी वस्तीत काम करताना त्यांना पाहिलंय. एका दिवसात शे-दीडशे मुलं, दात-डोळे-वजन करता करता दुपार होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. एखादं मूल गप्प बसलेलं दिसलं तरी ते विचारणार कुणाला? देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला.

टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, आणि ती चांगली गोष्ट आहे. पण ती मुळात त्रासात असलेल्या नागरिकाने फोन करावा यासाठी आहे. दहा वर्षांचं मूल फोन करत नाही. त्याच्या आईला हा 'आजार' आहे हेच माहीत नसतं. ज्याच्यासमोर ते मूल उभं असतं तो पथकातला डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी, तालुक्याचा बालरोगतज्ज्ञ, यांच्या पाठीशी ठरलेल्या वेळेत उत्तर देणारा माणूस हवा. बंगळुरूच्या निम्हान्सने डॉक्टरांना व्हिडिओवरून शिकवण्याचं काम केलेलं आहे, म्हणजे हे अशक्य कोटीतलं नाही.

आणि आपल्याकडे रोझी डी.पेक्षा भक्कम कायदा आहे, हे किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, मे २०१८ पासून लागू. त्याचं कलम १८ प्रत्येकाला सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क देतं, जातीवरून भेदभाव न करता, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मुलांसाठीच्या सेवा त्यात नाव घेऊन नमूद आहेत, आणि प्राथमिक पातळीपासून सर्वसाधारण आरोग्यसेवेत मानसिक सेवा मिसळण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. कलम ३१ प्रमाणे सरकारी आरोग्य संस्थांतल्या सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना किमान प्राथमिक आणि तातडीच्या मानसिक उपचारांचं प्रशिक्षण द्यायचं आहे, आणि तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय प्रमाणापर्यंत नेण्यासाठी दहा वर्षांच्या मुदतीत प्रयत्न करायचे आहेत. ती मुदत २०२८ मध्ये संपते.

तेव्हा प्रत्येक जिल्ह्यातल्या आपल्या गटाने जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज टाकावा. दहा रुपयांचं काम आहे. प्रश्न असे विचारावेत: कलम ३१ खाली जिल्ह्यातल्या किती वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, तारखांसह. बाल स्वास्थ्य पथकाने गेल्या वर्षी वर्तन आणि शिकण्याच्या अडचणींसाठी किती मुलांना पुढे पाठवलं, त्यातली किती जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात प्रत्यक्ष पोहोचली, आणि त्यात आश्रमशाळा व समाजकल्याणच्या वसतिगृहांतली किती. जी पोहोचली नाहीत त्यांच्या घरी कुणी गेलं का. आणि पथकातल्या डॉक्टरला एखाद्या मुलाबद्दल अडलं, तर तो कुणाला फोन करतो, त्या व्यक्तीचं पदनाम आणि तिची उपलब्ध असण्याची वेळ.